ऊतींबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न: वर्गातून, बंदरावरून आणि स्वयंपाकघरातून

मालवण तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत मी विज्ञान शिकवते. नववीला ऊती येतात तेव्हा पहिले दोन दिवस वर्गात नुसत्या जांभया असतात. नावंच तशी आहेत: सरल पट्टकी, स्तरित, घनाभरूप, स्तंभीय. तिसऱ्या दिवशी कुणीतरी मासळीचा नाहीतर आजीच्या तोंडातल्या चट्ट्याचा विषय काढतं आणि मग तासाची घंटा ऐकू येत नाही. असे प्रश्न मी वर्षानुवर्षं वहीत टिपत आले. काही मुलांचे, काही पालकांचे, दोन-तीन तर एसटीत शेजारी बसलेल्या काकींचे. त्यातले पुन्हापुन्हा येणारे इथे घेतले आहेत.

ऊती म्हणजे काय? हा शब्द तरी कुठून आला?

एकाच मुळातून आलेल्या, साधारण सारख्या घडणीच्या आणि मिळून एक काम करणाऱ्या पेशी, आणि त्या पेशींनी स्वतःभोवती जे काही विणून ठेवलंय ते, हे सगळं मिळून ऊती. व्याख्येतला 'विणून ठेवलंय' हा भाग मुलं हमखास विसरतात. खरी गंमत तिथेच आहे.

शब्दही विणकामातलाच. संस्कृतात 'वे' म्हणजे विणणे आणि 'ऊत' म्हणजे विणलेलं. आपण 'ओतप्रोत' म्हणतो त्यातला 'ओत' याच घरचा. फ्रेंचांनीही हेच केलं. पॅरिसमध्ये झेवियर बिशा नावाचा शरीरशास्त्रज्ञ होता. त्याने कापडाच्या विणीचा शब्द उचलून शरीराला लावला. सूक्ष्मदर्शकावर त्याचा भरवसा नव्हता. शरीराचे भाग फाडून, उकळून, वाळवून, आम्लात भिजवून तो नुसत्या डोळ्यांनी आणि बोटांनी फरक ओळखायचा, आणि तसे त्याने २१ प्रकार मांडले. १८०२ मध्ये तो वारला तेव्हा जेमतेम ३० वर्षांचा होता. आजार अवयवात शोधू नका, ऊतीत शोधा, हे त्याचं म्हणणं. पोट, छाती, गुडघा ही नुसती ठिकाणं झाली. बिघाड कुठल्या विणीत झालाय हे कळलं की तो किती दिवसांत भरून येईल याचा अंदाज बांधता येतो. खाली बरेचदा हाच धागा सापडेल.

मग आता २१ प्रकार लिहायचे की किती?

चार. अभिस्तर ऊती, संयोजी ऊती, स्नायू ऊती आणि चेता ऊती. बिशाच्या यादीतले बरेच प्रकार या चारांत सामावले गेले.

हे सगळं डोळ्यांनी बघता येतं का, की पुस्तकातल्या आकृतीवरच समाधान मानायचं?

रविवारी कोंबडी आणतात ना घरी? वडे होण्याआधी एक अख्खी तंगडी मागून घ्या. वर कातडी. तिचा अगदी बाहेरचा पातळ पापुद्रा म्हणजे अभिस्तर. कातडी ओढली की खाली पांढरा, चिकट, कोळ्याच्या जाळ्यासारखा थर ताणला जातो. ती विरल संयोजी ऊती. कातडीला मांसाशी सैलसर बांधून ठेवते. पिवळे गोळे दिसतील ती चरबी. गुलाबी मांस म्हणजे स्नायू, आणि ते धाग्याधाग्यांनी सुटतं हे बोटांनाच कळेल. मांसाच्या टोकाला चकचकीत पांढरी दोरी असते. ती ओढून बघा, सुटता सुटत नाही. तो स्नायुरज्जू. सांधा उघडलात की हाडाच्या टोकावर निळसर पांढरी, गुळगुळीत टोपी दिसेल. ती कास्थी. सुरीनं सहज कापली जाते आणि कापताना एक थेंबही रक्त येत नाही. हाड फोडलं की आत लालसर मगज. मांसाच्या दोन थरांमधून जाणारा, न ताणला जाणारा पांढरा धागा सापडला तर ती चेता, म्हणजे मज्जातंतू.

चारही ऊती एका तंगडीत. यानंतर हात साबणानं धुवा. गेल्या वर्षी एका मुलाच्या आईनं मला निरोप धाडला होता की बाईंनी पोराला अभ्यास दिला आणि आमच्या रश्श्यातली एक तंगडी गेली.

अभिस्तर म्हणजे कातडीच ना?

कातडीचा वरचा थर, हो. पण तेवढाच नाही. जिथे म्हणून शरीराला बाहेरची किंवा आतली कड आहे तिथे अभिस्तर आहे. तोंड, अन्ननलिका, आतडं, फुप्फुसातले वायुकोश, रक्तवाहिन्यांची आतली बाजू, मूत्रपिंडातल्या बारीक नळ्या. चिऱ्याच्या भिंतीत चिरे बसवावेत तशा पेशी एकमेकींना खेटून असतात, मधे जागा जवळजवळ नाहीच. खाली आधारपटल नावाचा एक बारीक पडदा असतो. या थरात रक्तवाहिन्या नसतात. म्हणून कालवं फोडताना बोटाला नुसतं खरचटलं तर झोंबतं पण रक्त येत नाही, आणि शिंपल्याची धार खोल गेली की भळभळ वाहतं. रक्त आलं म्हणजे तुम्ही अभिस्तर ओलांडून संयोजी ऊतीत शिरलात.

कामाप्रमाणे घडण बदलते. वायुकोशात हवा आणि रक्त यांच्यात देवाणघेवाण व्हायची असते, म्हणून तिथे चपट्या पेशींचा एकच थर. आतड्यात पचलेलं शोषायचं असतं, म्हणून उंच, स्तंभासारख्या पेशी. कातडीला घासणं सोसायचं असतं, म्हणून थरावर थर. माडावर चढणाऱ्याचे तळवे बघा किंवा वल्हं मारणाऱ्याचे हात. सतत घासलं गेलं की तिथला अभिस्तर जाड होत जातो, वरच्या पेशी मरून कठीण होतात. आपण त्याला घट्टे म्हणतो.

श्वासनलिकेतला प्रकार माझा सगळ्यात आवडता. तिथल्या पेशींना बारीक रोम असतात. वाऱ्यावर भाताचं शेत लवतं तसे ते लाटेनं हलतात, सेकंदाला दहा-बारा वेळा तरी, आणि धूळ अडकलेला चिकट द्राव वर घशाकडे ढकलत राहतात. चिरेखाणीवर दिवसभर काम करणारा माणूस सकाळी तांबडी थुंकी टाकतो ती या रोमांची रात्रपाळी. विडीचा धूर नेमका त्यांनाच मंदावतो.

खूप वेळ पाण्यात राहिलं की बोटं सुरकुततात. कातडी पाणी पिते म्हणून?

मलाही कित्येक वर्षं असंच वाटायचं. पण ज्या बोटाची चेता तुटलेली असते ते बोट पाण्यात सुरकुतत नाही. डॉक्टरांच्या हे १९३० च्या दशकातच लक्षात आलं होतं. म्हणजे हुकूम चेतांकडून येतो, बोटाच्या टोकातल्या रक्तवाहिन्या आकसतात, आतलं आकारमान घटतं आणि वरची कातडी चुण्या घेते. ओहोटीला तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, काढायला गेलात की बघा: सुरकुत्या पडतात त्या बोटांच्या टोकांना आणि तळपायांना, कोपराला नाही.

आजी मशेरी लावते. तिच्या गालाच्या आत पांढरा चट्टा आलाय, दुखत मात्र नाही. काळजी करायची का?

हा प्रश्न दरवर्षी येतो. विचारणारं पोर नेहमी तास संपल्यावर, एकटं येऊन विचारतं.

हो, दाखवायचा. गालाच्या आतला अभिस्तर मऊ, ओला असतो. तिथे तळहातासारखा कठीण थर नसतो. रोज भाजलेली तंबाखू तिथे घासली की तो थर बचावासाठी जाड होऊ लागतो. पांढरा दिसतो तो त्यामुळे. काही चट्टे तसेच राहतात, काहींमधल्या पेशींची वाढ मात्र ताळ सोडते. आधारपटलाच्या वर आहेत तोवर त्या काढून टाकता येतात. तो पडदा भेदून त्या खाली उतरल्या की रक्त आणि लसिकेची (ऊतींमधून वाहणाऱ्या पातळ द्रवाची) वाट त्यांना मोकळी होते. माणसाला होणाऱ्या कर्करोगांत सगळ्यात मोठा वाटा अभिस्तरातून उगवणाऱ्यांचाच आहे. सतत झिजणारी, सतत विभाजन करणारी ऊती तीच, आणि बाहेरच्या विषाशी पहिली गाठ तिचीच. दुखत नाही म्हणून निर्धास्त राहू नका; सुरुवातीला दुखतच नाही. दोन आठवड्यांत न भरणारी जखम किंवा चट्टा तोंडात असेल तर दंतवैद्याला दाखवा.

सुपारीचं वेगळं. आपल्याकडे घरोघरी पोफळी, त्यामुळे सुपारीला कुणी व्यसन मानत नाही. पण सुपारी मुख्यतः खालच्या संयोजी ऊतीला धरते. तिथे तंतू नको तेवढे साचतात, गाल आतून दोरखंडासारखे ताठ होतात आणि तोंड उघडेनासं होतं. दोन बोटंही आत जात नाहीत अशी माणसं मी पाहिली आहेत. तंबाखू न घालता नुसती सुपारी खाल्ली तरीही हे होतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २००४ मध्येच नुसत्या सुपारीलाही कर्करोगकारक ठरवलं आहे.

तुकडा काढून तपासायला सांगितलाय. तुकडा काढला की पसरतो म्हणतात, खरं का?

तोंडातल्या चट्ट्याचा तुकडा काढल्यानं रोग पसरत नाही. तुकडा काढू दिला नाही की पसरायला वेळ मिळतो.

त्या तुकड्याचं पुढे काय होतं हे ऐकलं की भीती थोडी कमी होते, असा माझा अनुभव. आधी तो फॉर्मॅलिनमध्ये ठेवतात, मग मेणात बसवतात आणि मेणासकट चार-पाच मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाडीचे काप घेतात. आपला केस साधारण ७० मायक्रॉनचा, म्हणजे एका केसाच्या जाडीत असे चौदा ते सतरा काप मावतील. इतकं पातळ झालं की सगळंच पारदर्शक, काही दिसेना. म्हणून रंगवतात. एक रंग केंद्रकांना निळं-जांभळं करतो. तो मध्य अमेरिकेतल्या एका झाडाच्या लाकडातून काढतात. दुसरा बाकीच्याला गुलाबी करतो. मग जाणकार डोळा बघतो: थर जागच्या जागी आहेत का, आधारपटल शाबूत आहे का.

"बाईनू, रगात पातळ, मगे ती ऊती कशी?"

संयोजी ऊतींची खूण अशी की पेशी थोड्या आणि त्यांच्याभोवतालचं द्रव्य, म्हणजे आधारक, भरपूर. हाडात आधारक कठीण असतं, कास्थीत लवचीक आणि रक्तात पातळ. त्याला आपण प्लाझ्मा म्हणतो. रक्ताचा निम्म्याहून थोडा अधिक भाग तोच. पेशी त्यात तरंगतात. मोठ्या माणसात सुमारे पाच लिटर रक्त, आणि त्यातली प्रत्येक तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते. जन्म हाडाच्या मगजात. म्हणजे रक्त आणि हाड ही सख्ख्या घरातलीच, एक वाहतं आणि एक उभं राहतं.

"हाडाक जीव असता काय?"

असतो, आणि भरपूर. कालव स्वतः मऊ, इवलंसं. पण भोवती शिंपला रचतं आणि त्याच्या आत राहतं. अस्थिपेशीचं तसंच. ती भोवती कोलॅजेन नावाच्या प्रथिनाचे तंतू विणते, त्यांवर कॅल्शियम आणि फॉस्फेटचे क्षार बसतात आणि ती आपणच बांधलेल्या खोलीत कोंडली जाते. जिवंत राहायला बारीक बोळांतून शेजारणींशी आणि रक्तवाहिनीशी संबंध ठेवते.

घरी करायचा प्रयोग: कोंबडीचं बारीक हाड स्वच्छ करून पांढऱ्या व्हिनेगरमध्ये चार-पाच दिवस ठेवा, मधे एकदा व्हिनेगर बदला. क्षार विरघळतात, कोलॅजेन राहतं आणि हाड रबरासारखं वाकतं. उलट चुलीत जाळलेल्या हाडातलं कोलॅजेन जातं, क्षार राहतात आणि ते बोटानं चुरतं. दोन्ही हवीत, तरच हाड.

मोडलेलं हाड जोडतं तेही जीव असतो म्हणूनच. रक्तपुरवठा चांगला, त्यामुळे मोठ्या माणसाचं मनगट सहा-एक आठवड्यांत धरतं, मुलांचं त्याहून लवकर. नुसतं सांधत नाही, तर पुन्हा हाडच तयार होतं. कातडी खोल कापली गेली तर व्रण राहतो. हाड मात्र कालांतरानं मोडल्याची जागाही पुसून टाकतं.

मोरीच्या मटणात काटे का सापडत नाहीत?

कारण मोरीला, म्हणजे मुशीला, हाडंच नाहीत. तिचा सगळा सांगाडा कास्थीचा. वागळीचंही तसंच. आपल्याकडे कास्थी नाकाच्या शेंड्यात, कानाच्या पाळीच्या वरच्या भागात, श्वासनलिकेच्या कड्यांत आणि सांध्यांतल्या हाडांच्या टोकांवर असते. कान दुमडून सोडा, जागेवर येतो.

तिची एकच अडचण: तिच्यात रक्तवाहिन्या नाहीत. भोवतालच्या द्रवातून झिरपेल त्यावर ती जगते. म्हणून गुडघ्यातली कास्थी एकदा झिजली की भरून येणं फार कठीण. भातलावणीला चाळीस-चाळीस पावसाळे वाकलेल्या बायकांचे गुडघे आवाज करतात तेव्हा 'हाडं झिजली' म्हणतात. आधी झिजते ती ही टोपी.

"शीर" म्हणजे नक्की काय? शीर आखडते, शीर तुटते, शीरेवर शीर चढते.

आपली भाषा इथे फार घोळ घालते, आणि हा घोळ मुलांच्या उत्तरपत्रिकेत जशाचा तसा उतरतो. हातावर निळी दिसते तीही शीर, मानेतून कळ जाते तीही शीर आणि टाचेमागची ताठ दोरीही शीर. प्रत्यक्षात पहिली रक्तवाहिनी, दुसरी चेता, तिसरी स्नायुरज्जू. तीन वेगळ्या गोष्टी, बऱ्या व्हायच्या तऱ्हाही तीन. डॉक्टरांना 'शीर दुखते' सांगितलंत तर त्यांना पुन्हा चार प्रश्न विचारावेच लागतात.

घोळ जुना आहे. सुश्रुतसंहितेत शरीरात ५०० पेशी आणि ९०० स्नायू सांगितले आहेत. आजच्या अर्थानं वाचलं तर हसू येईल. पण तिथे 'पेशी' म्हणजे मांसाचे गट, ज्यांना आपण आज स्नायू म्हणतो. आणि तिथला 'स्नायू' म्हणजे बांधणारी दोरी, ज्याला आपण अस्थिबंध नाहीतर स्नायुरज्जू म्हणतो. शब्दांनी घरं बदलली. 'मज्जा'चंही तेच. अस्थिमज्जा म्हणजे हाडातला मगज, आणि मज्जातंतू मात्र चेता. पाठ्यपुस्तकांनी 'चेता' धरला तेच बरं केलं.

त्याच ग्रंथात, सांधे कसे बांधलेत हे सांगताना, एक दाखला येतो आणि तो वाचला तेव्हा मी उडालेच. फळ्यांची नाव पुष्कळ बंधनांनी आवळलेली असली म्हणजे पाण्यावर भार पेलते, तसं माणसाचं शरीर या स्नायूंनी बांधलेलं असल्यामुळे भार सोसतं, असा त्याचा आशय. खिळे न ठोकता काथ्याच्या दोरीनं फळ्या शिवायची रीत आपल्या पश्चिम किनाऱ्यावर जुनीच. २०२५ मध्ये कारवारला नौदलात दाखल झालेलं 'कौंडिण्य' हे जहाज असंच शिवलेलं आहे. आणि दोरीची उपमा नुसती उपमा राहत नाही. कोलॅजेनचा रेणू खरोखरच तीन पदर एकमेकांभोवती पिळून झालेला असतो, तीन पदरी सुंभासारखा. शरीरातल्या सगळ्या प्रथिनांपैकी पाव ते तिसरा हिस्सा हे एकच.

तो पीळ घट्ट बसायला क जीवनसत्त्व लागतं. १४९८ च्या ऑक्टोबरात वास्को द गामा कारवारजवळच्या अंजदीव बेटावरून परत निघाला, आणि अरबी समुद्र ओलांडायला त्याला जवळजवळ तीन महिने लागले. खलाशांच्या हिरड्या सुजून दातांवर चढल्या, जुने व्रण उकलले, तीसेक माणसं दगावली. ताजी फळं-भाजी नाही, म्हणून नवा सुंभ वळला जाईना आणि जुना उसवत गेला. पेरू, आवळा, कैरी खाणाऱ्या पोराला ही भीती नाही.

"पाय मोडलो नाय, फक्त मुरगाळलो. तरी तीन म्हयने?"

हा प्रश्न माझ्या वर्गातल्या मुलांनी मलाच विचारला. एका पावसाळ्यात आमच्या परड्यातल्या शेवाळलेल्या चिऱ्याच्या पायरीवरून मी घसरले. एक्स-रे काढला, हाड शाबूत. 'नशीब थोर' म्हणून सगळे घरी गेले. तपासणाऱ्यांनी आठवड्यात चालायला लागाल म्हणून सांगितलं आणि मी ते खरं मानून पाचव्या दिवशी शाळेत उभी राहिले. पुढचे तीन महिने लंगडले. त्याच पावसात शेजारच्या मुलाचं मनगट मोडलं होतं. तो गणपतीत फुगडी घालत होता तेव्हा मी खुर्चीत.

हाडाला हाड बांधतो तो अस्थिबंध. स्नायूला हाडाशी बांधतो तो स्नायुरज्जू. परीक्षेत यांची अदलाबदल करून गुण घालवू नका. दोन्ही तंतूंनी गच्च भरलेले, पेशी तुरळक, रक्त अगदी कमी. पांढरे दिसतात ते म्हणूनच. दुरुस्तीचं सामान रक्तातून येतं. रस्ता अरुंद असला की सामान उशिरा पोचतं. नवे तंतू आधी कसेही, आडवेतिडवे पडतात आणि मग हळूहळू भाराच्या दिशेनं लागतात. त्याला महिने जातात. अगदी पडून राहिलं तर तंतूंना दिशा कळत नाही, लगेच पळापळ केली तर ते पुन्हा तुटतात. थोडाथोडा, सांगितलेला व्यायाम हाच मार्ग.

बांगड्याच्या मांसात बाजूला काळपट पट्टा असतो, तो खराब असतो का?

नाही, तो स्नायूच आहे, फक्त वेगळ्या कामाचा. दिवसभर संथ पोहण्यासाठी लागणारे तंतू ऑक्सिजन साठवणाऱ्या मायोग्लोबिननं लालसर असतात. झटक्यात पळायचे तंतू फिके. कुपा, म्हणजे ट्यूना मासा, अखंड पोहतो, म्हणून त्याचं मांस लाल. आपल्या अंगात दोन्ही तंतू मिसळलेले असतात. पोटरीतला खोल स्नायू, जो उभं राहताना तासन्‌तास काम करतो, त्यात संथ तंतूंचा भरणा.

हा झाला ऐच्छिक, पट्टकी स्नायू. अपट्टकी स्नायू आतडी, रक्तवाहिन्या, गर्भाशय यांत असतो आणि तुमचं ऐकत नाही. अंगावर काटा येतो तेव्हा प्रत्येक केसाच्या मुळाशी असाच एक इवलासा स्नायू आखडलेला असतो. काटा आणायचा म्हणून कुणाला आणता येतो का?

पोटरीत गोळा येतो, मग हृदयाला का येत नाही?

हृदय स्नायू पट्टकीसारखा पट्टेदार आणि अपट्टकीसारखा अनैच्छिक. त्याच्या पेशी फांद्यांनी एकमेकींना जोडलेल्या, त्यामुळे ठोक्याचा इशारा एकीकडून दुसरीकडे सरळ जातो. प्रत्येक ठोक्यानंतर सक्तीचा विसावा इतका लांब असतो की पुढचा इशारा आधीच्यावर चढत नाही, म्हणून सलग आखडणं घडत नाही. दिवसाला साधारण एक लाख ठोके या हिशेबानं चालतात.

पण हाच स्नायू दुखावला तर वाईट. त्याच्या पेशी नव्यानं फार कमी तयार होतात, तरुणपणी वर्षाला सुमारे एक टक्का आणि म्हातारपणी त्याच्याही निम्म्या. हृदयविकाराच्या झटक्यात मेलेल्या जागी संयोजी ऊतीचा व्रण येतो. तो भोक बुजवतो, ठोका देत नाही. म्हणून छातीत दाब आल्यावर ॲसिडिटीची गोळी घेऊन सकाळची वाट बघायची नसते.

चेता ऊती एवढी अवघड का वाटते? आणि माकुलीचा (स्क्विडचा) तिच्याशी काय संबंध?

चेतापेशीचा आकार विचित्र, म्हणून अवघड वाटते. पेशीकाय, त्याला फुटलेल्या वृक्षिका आणि एक लांब अक्षतंतू. कमरेतून पायाच्या अंगठ्यापर्यंत जाणारा अक्षतंतू मोठ्या माणसात मीटरभर भरतो. एकाच पेशीचा! आवरण असलेल्या तंतूत संदेश सेकंदाला १०० मीटरपर्यंत धावतो, आवरण नसलेल्यात एक-दोन मीटर. तव्याला बोट लागलं की आधी चटका, आणि क्षणभरानं ती रेंगाळणारी आग, हे या दोन वेगांमुळे.

हे सगळं कळलं माकुलीमुळे. माणसाचा अक्षतंतू इतका बारीक की त्यात तार घालणं अशक्य. माकुलीत मात्र एक राक्षसी अक्षतंतू असतो, अर्धा ते एक मिलिमीटर जाडीचा, दोऱ्याएवढा. हॉजकिन आणि हक्स्ली या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी त्यातच बारीक तार घालून संदेश कसा उमटतो ते मांडलं आणि १९६३ चं नोबेल मिळवलं. जेटीवर टोपलीत लोळणाऱ्या माकुल्यांकडे बघून माझी मुलं हल्ली 'नोबेल' म्हणतात.

तुटलेली चेता हातापायात वाढते, पण दिवसाला साधारण एक मिलिमीटर. मनगटापासून बोटाच्या टोकापर्यंतचं अंतर पट्टीनं मोजा आणि किती महिने ते काढा. मेंदू आणि मज्जारज्जूत तेवढंही होत नाही.

फुरसं, नाग, विंचू. विष सगळ्यांचं सारखंच ना?

मुळीच नाही. नाग आणि मण्यार यांचं विष चेता आणि स्नायू यांच्या सांध्यावर बसतं. पापण्या मिटतात, बोलणं जड होतं आणि शेवटी श्वासाचे स्नायू थांबतात. आपल्या कातळावर दगडागणिक सापडणारं फुरसं रक्ताला धरतं. गोठवणारी द्रव्यं संपवून टाकतं, मग हिरड्यांतून, लघवीतून रक्त जातं. दवाखान्यात काचेच्या नळीत रक्त घेऊन २० मिनिटं ठेवतात ते यासाठीच. गोठलं नाही तर विष भिनलंय. घोणसही रक्ताला धरते. आपल्याकडची प्रतिविषाची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर चालते. म्हणून मंत्र नको, चिरा नको, घट्ट आवळणं नको. पाय न हलवता थेट दवाखाना.

लाल विंचवाचं विष चेतांमार्फत हृदयाला गाठतं. घाम फुटतो, हातपाय गार पडतात, फुप्फुसात पाणी होतं. महाडला डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन हे रक्तदाबावरचं औषध यासाठी वापरून दाखवलं आणि कोकणात विंचूदंशानं माणसं मरायची ती फार कमी झाली. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. दंश पायाला, बिघाड हृदयात. नुसता पाय बघत बसलं तर माणूस हातचा जातो.

हापूसचं कलम रायवळाच्या खुंटावर बसतं. मग दुसऱ्याची कातडी आपल्याला का बसत नाही?

वर्गात हा प्रश्न एका बागायतदाराच्या मुलीनं विचारला आणि मला दोन दिवस मागून घ्यावे लागले.

कलम बांधताना सालीखालचा ओलसर थर थराला लावतात. तिथे विभाजी ऊती असतात. त्यांच्या पेशी वाढतात, गुंततात आणि पाण्याची वाट जोडली जाते. झाडाकडे अंगभर हिंडून 'हा परका' म्हणून हल्ला करणाऱ्या पेशी नाहीत. जवळच्या जातीचं असलं की झालं. आपल्याकडे मात्र रक्त नावाची हिंडती ऊती आहे आणि तिच्यातल्या पांढऱ्या पेशी प्रत्येक पेशीवरची ओळख तपासतात. १९४० च्या दशकात भाजलेल्या रुग्णांवर काम करताना पीटर मेडावर या ब्रिटिश शास्त्रज्ञांना दिसलं की परक्याची कातडी गळून पडते आणि त्याच दात्याची दुसऱ्यांदा लावली तर आणखी लवकर गळते. म्हणजे शरीर लक्षात ठेवतं. १९६० चं नोबेल त्यांना मिळालं. १९५४ मध्ये बोस्टनला मूत्रपिंडाचं पहिलं यशस्वी रोपण झालं तेही एकसारख्या जुळ्या भावांत. ओळख सारखी, मग भांडण कसलं?

स्वतःची कातडी स्वतःला चालतेच. १७९४ मध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'नं पुण्याजवळ झालेली एक शस्त्रक्रिया चित्रासह छापली होती. टिपूच्या कैदेत नाक कापलं गेलेल्या एका गाडीवानाच्या कपाळाची कातडी खाली वळवून नवं नाक केलेलं. कातडी दोन भुवयांमधे जोडलेली ठेवली होती, रक्त चालू राहावं म्हणून, आणि नाक धरल्यावर मग तो जोड कापला. आमच्याकडे भेट कलम असंच करतात. फांदी आईच्या झाडावरच राहते, खुंटाशी सांधते आणि मग कापतात. हे मुलीला सांगितलं तर म्हणाली, "बाईनू, मगे तेणी आमच्या बागेत येवन बघल्यान आसतला."

चरबी ऊती आहे की नुसता साठा?

ऊती. ऊब धरते, धक्के सोसते, आणि भुकेवर ताबा ठेवणारी संप्रेरकंही सोडते.

केस आणि नखं कुठल्या ऊतीत लिहायची?

अभिस्तराची निपज. मुळाशी जिवंत, बाहेर आलेला भाग मेलेला, म्हणून न्हाव्याकडे दुखत नाही आणि नख मुळापाशी चिमटलं की जीव जातो.